केसभर वर आलेली टोपी

काडतूस भरण्याच्या कामातलं कुणी काही सांगायला गेलं, की आर्ने टॉलेफसन आधी मान हलवत सगळं ऐकून घ्यायचा. मग समोरच्याचा हात धरायचा, त्याच्या बोटाचं टोक एका पितळी पुंगळीच्या बुडावर टेकवायचा आणि विचारायचा, "कळतंय?" माणूस हो म्हणाला तरी आर्नेच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं की तुला डोंबल कळत नाही. मॅलार्ड कोव्ह ह्या आमच्या खाडीकाठच्या गावातल्या निम्म्या लोकांची बोटं त्यानं अशी टेकवून घेतली होती. माझं बोट तर दर वर्षी.

त्याचा उभा जन्म मासळीच्या कारखान्यात, डबे बंद करायची यंत्रं दुरुस्त करण्यात गेला. कारखाना बंद पडला तसा तो घरामागच्या शेडमध्ये काडतुसं भरायला लागला, आणि पुढे बायको इंग्रिड गेल्यावर तिथे जाऊन बसला तो बसलाच. आमच्याकडचा हिवाळा म्हणजे पाऊस, अंधार आणि शेजाऱ्याचं तोंड. त्या दिवसांत आर्ने गावभरच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायचा, घासायचा, पुन्हा भरायचा आणि वसंतात ज्याच्या त्याला परत द्यायचा. पैसे घ्यायचा नाही. धुरावलेला सामन मासा चालायचा, बेरीचा केक तर धावायचा. फुकटचा उपदेश मात्र डब्यागणिक सोबत यायचा, आणि तो परत करायची सोय नव्हती.

त्याचा सगळा जीव टोपीत. पुंगळीच्या बुडाला मधोमध वाटीसारखी खाच असते, तिच्यात मसुराएवढी टोपी दाबून बसवायची. घोडा टोपीवर आपटला की आत ठिणगी पडते, ठिणगीनं दारू पेटते, गोळी सुटते. टोपी बुडाच्या पातळीपेक्षा केसभर आत बसली पाहिजे. ती वर राहिली तर घोड्याचा सगळा मार तिला आत ढकलण्यातच खर्च होतो आणि नुसतं 'टक' वाजतं. नाहीतर ती मागच्या पोलादाला घासते आणि रिव्हॉल्व्हरचं चक्र जागच्या जागी अडकतं. शहरातला माणूस म्हणेल, मग परत चाप ओढा की. आमच्याकडे रिव्हॉल्व्हर कमरेला असतं ते अस्वलासाठी, आणि अस्वल काही 'ओढ बाबा परत, मी थांबतो' म्हणत नाही.

यंत्र घे म्हणून त्याला सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. तो एक जुनं, चिमट्यासारखं हातात धरायचं अवजार वापरायचा आणि एकेक टोपी दाबून बसवायचा. त्याचं म्हणणं असं, की टोपी आत सरकते ते बोटाला कळतं, तळाला टेकते ते कळतं, आणि टेकल्यावर वर एक इवलासा दाब द्यायचा असतो तोही बोटालाच कळतो. यंत्राला काय कळणार? मग शेवटी तो भरलेल्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवायचा, आई पोराच्या कपाळाला ताप बघते तसा. बोटानं 'सपाट' म्हटलं की ते डब्यात जायचं. त्या 'सपाट'वर आम्ही सगळे रानात हिंडत होतो.

त्या वर्षी लाल सामन नदीत चढायला लागले तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा खिशात फोन नव्हते. आर्नेची एकुलती एक मुलगी सिग्ने उन्हाळाभर टिल्सन नदीवर असायची. मासे खात्यानं तिथे नदीला आडवं कुंपण घातलेलं, त्यात एक फट, आणि फटीतून वर जाणारे मासे मोजायचे हे तिचं काम. सोबतीला दुसरा एक माणूस असायचा, पण दाढ सुजून त्याचं तोंड भोपळ्यासारखं झालं आणि विमान त्याला उचलून शहरात घेऊन गेलं. सिग्ने एकटी राहिली. आदल्या संध्याकाळी रेडिओवर ती बापाला हसत सांगत होती, की दोन पिल्लांची अस्वलाची एक मादी रोज कुंपणाशी येते आणि भांडी वाजवली तरी ढिम्म हलत नाही. मोठी बंदूक तंबूत असते, कारण कुंपणाचे दांडे उपसायला दोन्ही हात लागतात. छातीवर बांधलेलं रिव्हॉल्व्हर तेवढं जवळ. त्यात यंदाच्या हिवाळ्यात आर्नेनं भरलेली काडतुसं होती, असं आम्ही धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं दुकान उघडायच्या आधी आर्नेबरोबर खडीच्या खाणीत गेले. दर उन्हाळ्यात जायचे. ह्याला प्रत्येक हिवाळ्याच्या मालातली सहा काडतुसं झाडून बघायची असायची आणि मी शेजारी उभी राहून कौतुक करायचं असायचं. त्यानं नेम धरला, चाप ओढला. टक.

तो हलला नाही. मीही नाही. असं झालं की नळी मातीच्या ढिगाकडेच धरून थांबायचं असतं, कारण कधी कधी आत ठिणगी धुमसत असते आणि बार उशिरा उडतो. पाऊस त्याच्या हॅटच्या कडेवरून गळत होता. हात अवघडला तरी म्हाताऱ्यानं नळी खाली केली नाही. काहीच झालं नाही. मग त्यानं घोडा मागे ओढायला घेतला, आणि चक्र अर्ध्यावर अडकलं. अंगठ्यानं जोर लावला तरी जाईना.

चक्र कसंबसं बाहेर काढून त्यानं काडतुसं तळहातावर ओतली. एकाच्या टोपीवर घासल्याची चकचकीत रेघ होती. त्यानं बुडावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सपाट आहे."

"मग घासली कशी?" मी विचारलं.

खाणीतून शेडपर्यंत त्यानं गाडी अशी हाणली की माझे दात वाजले.

शेडमध्ये त्यानं दोषी शोधायला सुरुवात केली, आणि मी तिथे होते म्हणून सांगते, पोलीस काय चौकशी करतील. आधी खाचा. जुन्या दारूची काजळी तळाला साचली तर टोपी पूर्ण आत जात नाही. त्यानं न भरलेल्या पुंगळ्या दिव्याखाली धरल्या. तळ लख्ख होते. मग अवजार. पुंगळी धरणारी त्याची खोबण झिजली असेल तर टोपी तिरकी बसते. त्यानं खोबणीत पुंगळी बसवून हलवून पाहिली, ती घट्ट होती. मग टोप्यांचा डबा. रायफलच्या टोप्या रुंदीला तेवढ्याच असतात पण उंचीला जास्त, आणि चुकून त्या घेतल्या तर सगळ्या वर राहतात. लेबल पिस्तुलाचंच होतं. पण डबा नेहमीच्या कंपनीचा नव्हता. त्या हिवाळ्यात त्याच्या आवडीच्या टोप्या मिळाल्याच नाहीत आणि त्यानं नाइलाजानं दुसऱ्या घेतल्या होत्या. आर्नेचा चेहरा उजळला. ह्याच त्या, जाड आहेत, म्हणून अडतात.

म्हणजे बिघाड फक्त ह्या हिवाळ्याच्या मालात. गावाकडे आधीचा माल शिल्लक होता म्हणून त्या वसंतात हा गठ्ठा फळीवरच राहिला होता. वाटलेला एकच डबा होता, सिग्नेला दिलेला.

तंबूतला रेडिओ दिवसा बंद असतो. बॅटरी वाचवायला तो फक्त संध्याकाळच्या ठरल्या वेळी लावतात. शहराला सांगून विमान मागवावं तर ढग झाडांच्या शेंड्यांना टेकले होते. उरली माझी होडी. माझी दुनळी बंदूक पुतण्यानं नेली होती, आर्नेची रायफल शहरात दुरुस्तीला होती. माझ्या कमरेला माझं रिव्हॉल्व्हर होतं. आर्नेनं कोटाच्या खिशात आधीच्या हिवाळ्याचा एक डबा कोंबला. जुन्या टोप्यांचा, खात्रीचा. सिग्नेच्या चक्रातली काढायची आणि ही घालायची, असा बेत. दुकानाच्या दारावर मी काहीसुद्धा लिहून ठेवलं नाही. गावाला काय, अर्ध्या तासात कळतंच.

खाडीच्या तोंडाशी लाट आडवी येत होती. मी सुकाणूवर, आर्ने पुढे बसलेला. तो खिशातलं एकेक काडतूस काढायचा, बुडावरून बोट फिरवायचा, "सपाट" म्हणायचा आणि परत ठेवायचा. जपमाळच ती. मी म्हणाले, अरे बुडवशील समुद्रात, ठेव. त्यानं ऐकलं नाही. त्याची सिग्ने लहान असताना एकदा धक्क्यावरून पाण्यात पडली होती आणि ह्यानं कपड्यांसकट उडी मारून तिला केसांना धरून वर काढली, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आज उडी मारून भागणार नव्हतं. नुसतं बसून जायचं होतं.

डब्यावरचे थेंब लाल दिसले तेव्हा मला आधी वाटलं गंज आहे.

"आर्ने, तुझ्या बोटाला रक्त आलंय."

त्यानं पाहिलं. डब्याच्या पत्र्याची कड लागून तर्जनीचं टोक चांगलं चिरलं होतं. रक्त तळहातावर येऊन मनगटाकडे निघालं होतं. तो त्या बोटाकडे, दुसऱ्याच कुणाचं असावं तसा, बघत राहिला. मग अंगठ्याच्या नखानं त्यानं ती चीर दाबली. चेहऱ्यावर काही नाही. अजून जोरात दाबली.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"थंडीमुळे असेल."

"जुलै चाललाय."

मला दिसत होतं की त्याचं डोकं यंत्रासारखं मागे मागे चाललंय. साखरेच्या आजारानं पाय बधिर होतात हे डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं, आणि तो पायच तपासत बसला होता. टोप्या जाड असत्या तर एका हिवाळ्याचा माल वाईट. खाचा घाण असत्या तर एखादी पिशवी वाईट. बोटंच बधिर असतील तर तळाला टेकलेलं कळत नाही, आणि 'सपाट' म्हणणारंही तेच बोट. मग खिशातला डबा वाईट. माझ्या कमरेला आहे तेही वाईट. गावात ज्याच्या ज्याच्याकडे आहे ते सगळं वाईट, आणि कधीपासून ते देवाला ठाऊक.

"तू बघ," तो म्हणाला, आणि डबा माझ्याकडे सरकवला.

मी सुकाणू गुडघ्यात धरलं. बुडावरून नख फिरवलं. पहिल्यावर अडलं नाही, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर नख खडकन अडलं. अगदी केसभर, पण डोळे मिटूनही चुकलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा मला ते 'कळत' होतं आणि आर्नेला नव्हतं. मला त्यात काही मजा वाटली नाही. माझ्या रिव्हॉल्व्हरमधल्या सहातली दोन अडली. ती वर आलेली सगळी मी बाजूला टाकली, कारण भरलेल्या काडतुसाची टोपी पुन्हा दाबायची नसते, हातातच बार व्हायचा. सपाट वाटली ती चक्रात घातली.

"ही चालतील?" मी विचारलं.

"वरून सपाट दिसली तरी तळाला टेकलेली असेलच असं नाही," आर्ने म्हणाला. "मला माहीत नाही, डोरीन."

हा माणूस 'मला माहीत नाही' म्हणताना मी कधी ऐकला नव्हता.

टिल्सनच्या मुखाशी होडी वर ओढली. तंबू तिथून नदीच्या वळणापलीकडे, आणि मधे उंच गवत आणि माणसाच्या डोक्यावर जाणारी झुडपं. एरवी आम्ही अशा ठिकाणी मोठ्यानं बोलत, गात जातो, अस्वलाला आधी कळावं म्हणून. आर्ने ओरडत होता, "सिग्ने, ए सिग्ने," आणि पाण्याच्या आवाजात ते कुठच्या कुठे विरत होतं. पायवाटेवर ताजी विष्ठा होती, वाफ निघत असलेली. मी जीव मुठीत धरून चालत होते, आणि दुसऱ्या मुठीत होतं ते कितपत उपयोगाचं हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. तरी आम्ही चाललो. थांबायचं कुणी सुचवलंसुद्धा नाही.

झुडपं संपली आणि नदी दिसली. सिग्ने कमरेपर्यंत पाण्यात, कुंपणाला पाठ टेकून उभी होती. समोरच्या उथळ वाळूवर ती मादी होती. पिल्लं मागे गवतात. मादीचे कान मागे पडलेले, तोंडातून फेसाची तार लोंबत होती, आणि ती दातावर दात आपटत होती. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको. सिग्नेचा हात छातीवरच्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीवर होता. ती हळू आवाजात मादीशी बोलत होती, ओळखीच्या म्हातारीची समजूत काढावी तसं.

आर्नेनं तोंड उघडलं आणि मी त्याच्या दंडाला धरलं. आम्ही ओरडलो असतो आणि मादी दचकून कुठल्या बाजूला सुटली असती ते सांगता येत नव्हतं. तो थांबला. मी त्याला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. ओठ हलत होते आणि त्यातून 'नको ओढू' बाहेर पडतंय की 'ओढ', मला कळेना. लेकीचा हात बंदुकीवर, आणि बापाला दिसतंय की चाप ओढला तर टक वाजेल. ह्यापेक्षा तिच्याकडे काहीच नसतं तर बरं झालं असतं, निदान ती त्याच्या भरवशावर उभी राहिली नसती. मी माझं रिव्हॉल्व्हर वर उचललं. नेम धरला आणि मनात आर्नेला आईबहिणीवरून शिव्या दिल्या.

मादी दोन उड्या पुढे आली. पाणी उसळलं. सिग्ने जागची हलली नाही, तिनं फक्त बंदूक बाहेर काढून दोन्ही हातांत धरली. मादी थांबली, जमीन हुंगली, आणि मग एकाएकी तिचा रस संपला. वळली, एक मासा तोंडात धरला आणि पिल्लांच्या मागे गवतात शिरली. बराच वेळ गवत हलताना दिसत होतं.

सिग्ने काठावर आली. आम्हाला बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा? कोण गेलं?"

"कुणी नाही. बंदूक दे."

"काय झालं?"

"टोप्या वर आहेत. तुझ्या सगळ्या काडतुसांच्या. चक्र अडकतं. माझी बोटं..." त्यानं चिरलेलं बोट पुढे केलं. "माझ्या बोटांना कळत नाही, सिग्ने."

मी तिच्याकडे बघत होते. बातमी पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा चेहरा वेगळा असतो. हा तो नव्हता.

तिनं चक्र उघडून बापापुढे धरलं. आर्नेच्या पुंगळ्या घासून घासून पिवळ्याधमक असायच्या. ह्या सहाच्या सहा रुपेरी होत्या.

"कंपनीची आहेत," ती म्हणाली. "शहरातून आणलेली. तुझी तंबूत आहेत, डब्यातच."

मला वाटलं आता म्हातारा देवाचे आभार मानेल. त्यानं डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला, आणि उपड्या बादलीवर बसला. लेक वाचली होती, वाचणारच होती. मग डोळे उघडून त्यानं विचारलं, "कधीपासून?"

"तीन उन्हाळे झाले."

तिनं सगळं सांगितलं, खाली बघत. एका उन्हाळ्यात डब्यांवर नेम धरताना चक्र अडकलं होतं. मग तिनं त्याच्याच शिकवणीप्रमाणे एकेक काडतूस आरशावर उभं केलं. टोपी वर असली की काडतूस आरशावर डुलतं. काही डुलली. पुढच्या डब्यात आणखी काही. नाताळात सांगायचं तिनं ठरवलं होतं, पण त्याच शरदात इंग्रिड गेली.

"आई गेल्यावर तू जेवत नव्हतास, झोपत नव्हतास," सिग्ने म्हणाली. "शेडमध्ये जाऊन मात्र बसायचास. तेही काढून घेतलं असतं, तर तुझ्याकडे राहिलं काय असतं?"

लेकीचं प्रेम म्हणायचं ते हेच, आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायलाच हवं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ आमच्या जिवावर झाकलेली होती, हे मात्र माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आर्नेच्या आधीच ध्यानात आलं होतं. त्यानं माझ्याकडे बोट केलं, त्याच चिरलेल्या बोटानं.

"हिच्या कमरेला माझी काडतुसं आहेत. तुला ठाऊक होतं?"

"हो."

"हार्लनकडे आहेत. खाडीतल्या सगळ्यांकडे आहेत."

"मला वाटलं, त्यांच्यावर कधी वेळच येणार नाही."

"येणार नाही असं वाटतं म्हणूनच कमरेला बांधून हिंडतो ना आपण?" मी म्हणाले. "तू तुझ्यापुरती रुपेरी आणलीस, आणि आत्ता त्या झुडपांतून मी ह्याच्या पिवळ्यांच्या भरवशावर चालत आले तुझ्यासाठी."

पुढे मी आणखी बरंच बोलले. ते इथे लिहीत नाही, पण त्यातला एकही शब्द मी मागे घेतलेला नाही. सिग्ने ऐकत उभी राहिली. पाणी तिच्या कपड्यांतून निथळत होतं. बाप मधे पडला नाही.

माझं बोलून संपल्यावर तो उठला आणि तंबूकडे चालायला लागला. रेडिओची वेळ व्हायला आली होती. त्या वेळी खाड्याखाड्यांतून सगळे कान लावून बसलेले असतात. हवामान सांगून होतं, मग कुणाचं इंजिन, कुणाची डिलिव्हरी, कुणाची लफडी. मी म्हटलं, उद्या घरोघरी जाऊन सांग, एवढी घाई कशाला, चारचौघांत कशाला अब्रू काढून घेतोस. तो म्हणाला, उद्या सकाळी कुणीतरी रानात जाईल.

हवामान संपेपर्यंत तो रेडिओच्या पेटीपुढे ताठ बसून राहिला. मग त्यानं बटण दाबलं आणि नाव सांगितलं.

"माझ्याकडून काडतुसं घेतलेल्या सगळ्यांसाठी सांगतोय. ती वापरू नका. टोप्या नीट बसलेल्या नाहीत. अवजारात दोष नाही, टोप्यांतही नाही. माझी बोटं बधिर झाली आहेत आणि मला ते कळलं नाही. टोप्या दाबायला जाऊ नका. सगळी मला परत द्या, मी दारात येऊन घेऊन जाईन. ओव्हर."

पेटीतून नुसती खरखर आली. एरवी ह्या खाडीत कुणी शिंकलं तरी तिघं टोमणा मारतात. मग एकेक आवाज यायला लागला. कुणी नुसतं नाव सांगून "ऐकलं" म्हणालं. कुणी म्हणालं, ऐकलं आर्ने, तब्येत सांभाळ. एकीनं विचारलं, नेमक्या कोणत्या वर्षापासूनची?

आर्ने बटणावर हात ठेवून थांबला. हे त्याला सांगता आलं असतं, उत्तर त्याला मिळालं होतं. पण त्यानं माईक लेकीच्या पुढे धरला. जबरदस्ती नव्हती, नुसता धरला. सिग्नेनं माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली नाही, पण मदतही केली नाही.

तिनं माईक घेतला. "सिग्ने बोलतेय. तीन उन्हाळ्यांपासूनची, कदाचित त्याच्याही आधीची. मला माहीत होतं. मी बाबाला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. ओव्हर."

मग हार्लनचा आवाज आला. हार्लन तसा थट्टेखोर माणूस, रेडिओवर आला की आधी खोकून एक विनोद करणार. आज तो खोकला नाही.

"सिग्ने, गेल्या शरदात मी धाकट्या पोरीला घेऊन हरणाच्या शिकारीला गेलो. आदल्या दिवशी तू धक्क्यावर भेटलीस. तिला चॉकलेट दिलंस. तेव्हा माझ्या कमरेला काय होतं, तुला माहीत होतं?"

तिनं बटण दाबलं.

"हो," ती म्हणाली.

हार्लननं पुढे काही विचारलं नाही. इतर कुणीही बटण दाबलं नाही. पेटी खरखरत राहिली आणि सिग्ने ओव्हर म्हणायचं विसरून माईक तसाच धरून बसली. आर्नेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या बोटांना तिचा ओला कोट कळत होता की नाही, मला माहीत नाही. पण हात जड होता, आणि ती त्याच्याखाली तशीच बसून राहिली.